पायाखालचं वाचणाऱ्या ताई

जबलपुरात मान खाली घालून चालणारी माणसं दोनच प्रकारची. एक म्हणजे ज्यांचं काही हरवलं आहे ती, आणि दुसरी माझी थोरली नणंद. तिचं काही हरवलेलं नसे. उलट तिला रोज काहीतरी सापडायचं आणि सापडलेलं सगळं घरी यायचं. इथल्या एका कॉलेजात तिने जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि महाराजपुरात दोन खोल्यांचं घर बांधून एकटी राहिली. तिच्या घरात बसायला जागा मागितली तर आधी खुर्चीवरचा दगड उचलावा लागे, आणि तो कुठे ठेवू असं विचारलं तर ती सांगायची, "मांडीवरच ठेव. तुझ्यापेक्षा फार मोठा आहे तो, त्याचा मान ठेव." शहर तिला मॅडम म्हणायचं, मी ताई म्हणायचे, आणि माझे यजमान, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, तिला भर बाजारात लांबून पाहिलं की गल्ली बदलायचे.

त्यांचंही चुकत नव्हतं. ते फॅक्टरीत नोकरीला, आम्ही खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे गेटवर येणाऱ्याजाणाऱ्याची झडती होते. लग्नानंतर पहिल्यांदाच ताई आमच्याकडे जेवायला येणार होत्या. गेटवरच्या शिपायाने त्यांची झोळी उघडली तर आतून निघाला एक हातोडा, एक भिंग, पाचसहा धोंडे आणि पांढरी बाटली. "ये क्या है?" त्याने विचारलं. "तेज़ाब," ताई म्हणाल्या, लिंबाचं सरबत सांगावं तशा. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या दारात ॲसिड घेऊन आलेली बाई! यजमानांना शिफ्टमधून बोलावणं गेलं. हे घामाघूम होऊन गेटवर पोहोचले तेव्हा तिघे शिपाई चौकीच्या पायरीशी उकिडवे बसले होते. ताईंनी पायरीवर ॲसिडचा थेंब टाकला होता आणि तो फसफसत होता. "उबल रहा है ना? मतलब संगमरमर है. आप लोग रोज़ समंदर की तली पर खड़े होकर ड्यूटी करते हैं." एकाने भीतभीत विचारलं, "मॅडम, जबलपुर में समंदर था?" "था. बैठिए, बताती हूँ." अर्धा तास तो वर्ग चालला. यजमान मागे उभे राहून ऐकत होते, कारण बहिणीला मधेच तोडण्याची त्यांची लहानपणापासून हिंमत नव्हती. माझा वरणभात त्या दिवशी दोनदा गरम झाला.

मला त्या सराफ्यात सोबत म्हणून हव्या असायच्या, पण एकदाच नेलं. मुलीसाठी अंगठी बघत होते. दुकानदाराने नीलम दाखवला. ताईंनी भिंग काढलं, दिव्याखाली धरलं आणि इथे मराठी कुणाला कळतं अशा भरवशावर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बुडबुडे आहेत गं आत. काच आहे निव्वळ." दुकानदार पुढे वाकला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, जरा हळू बोला ना. मागे गिऱ्हाइकं बसली आहेत." त्याच्या आजोबांपासून घरी मराठीच बोलत होते म्हणे. ताई खजील झाल्या का? छे. मराठी माणूस भेटला म्हणून उलट खूश झाल्या आणि त्याला काच कशी ओळखायची ते शिकवूनच उठल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे यायच्या. त्यांनी कुणाला कुंकू लावायचं नाही, त्यांना कुणी लावायचं नाही, असा तिथला अलिखित संकोच होता. तो त्यांनी स्वतःच मोडला. एका वर्षी त्या वाण घेऊन आल्या, प्रत्येकीला एक दगड, त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर दगडाचं नाव आणि गाव. प्लास्टिकच्या वाट्यांची सवय असलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातून रवा मागवला. कोरड्या रव्याचा ढीग केला, तो पसरला. जरासं पाणी घालून स्टीलच्या पेल्यात दाबला, पेला उपडा केला, तर रवा मुदीसारखा ताठ उभा राहिला. मग त्यावर चमच्याने थेंब थेंब पाणी सोडत राहिल्या. मूद उभी, उभी, उभी, आणि एकाएकी बसली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. "काहून हसून राहिली तू?" ताई म्हणाल्या. "तुझं घर ह्याच्यावरच उभं आहे." तो रवा मी नंतर गाईला घातला.

आम्ही त्यांना हसत होतो त्याच वर्षांत त्यांचा विभाग मरत होता. आधी पोरं कमी झाली, मग दोनच उरली, मग एका जुलैत वर्गात कुणीच आलं नाही. ताई महिनाभर रोज वेळेवर जाऊन रिकाम्या वर्गात बसून आल्या. खोली संगणकाच्या कोर्सला गेली. कपाटातले दगड व्हरांड्यात आले आणि पुढे कुठल्या दाराला अडसर, कुठल्या सायकलस्टँडला टेकू, असे पांगले. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला स्वतःचं दुःख नाही गं. दगड काय, पडून राहतील. पण ज्या पोराला पायाखालची जमीन वाचता येत नाही, तोच उद्या साहेब होणार आहे. कुठलं तळं बुजवायचं, कुठे वस्ती बसवायची, किती खोल खणायचं, हे तोच ठरवणार. आणि तो सही करेल नं, त्याच्या खाली दुसरंच कुणीतरी उभं असेल." मी हो हो म्हणत भाजी निवडत होते. मला वाटलं, बाई रिटायर झाली आहे, थोडे दिवस असंच बोलेल.

दोन वर्षांनी त्यांच्या घरासमोरच्या रस्त्यात गटाराची मोठी पाइप टाकायचं काम निघालं. ती सगळी वसाहत कधी काळी तळं होती. ते बुजवून वर भराव टाकलेला. दीड पुरुष खोल चर खणला गेला. बाजू सरळ उभ्या कापलेल्या, आणि निघालेली माती चराच्या अगदी काठावर रचलेली. ताई पहिल्या दिवशी गेल्या, चिमूटभर माती दातांखाली चावून पाहिली आणि मुकादमाला म्हणाल्या की ही भरावाची माती आहे, बाजूंना फळ्या मारा. तो म्हणाला, "माताजी, धूल उड़ रही है, घर जाइए." दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअरला गाठलं. पस्तिशीचा, सभ्य माणूस. त्याने वाकून नमस्कारही केला. चराला समांतर, काठापासून हातभर अंतरावर जमिनीत एक भेग गेली होती, बोट जाईल एवढी. ती त्यांनी त्याला दाखवली. तळाशी पाणी झिरपत होतं, तेही दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, बस दो दिन का काम है. ऊपर से बहुत प्रेशर है." ताईंनी त्या भेगेवर चुन्याची रेघ ओढली आणि घरी आल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले होते. अकरा वाजले असतील. ताई फाटकाशीच उभ्या होत्या. चराच्या वर एक बाई तगारीने माती वाहत होती, मंडल्याकडची, हिरव्या लुगड्यातली. खाली तिचा नवरा आणि आणखी एक जण. ताई तिला म्हणत होत्या, "इनको ऊपर बुला लो, बेटा. मेरी बात मानो." ती हसून म्हणाली, "अम्माजी, खाने की छुट्टी में आ जाएँगे."

आवाज मोठा झाला नाही. मला वाटत होतं अशा वेळी मोठा आवाज होत असेल. गादी जमिनीवर टाकावी तसा एक जड, बसका आवाज आला. चुन्याची रेघ जिथे होती तिथून सगळा काठ खाली गेला, आणि क्षणभर धुळीपलीकडे काहीच दिसेना. मग ती बाई ओरडली.

त्यानंतरच्या ताई मी कधी पाहिल्या नव्हत्या. जेसीबीवाला मशीन पुढे आणत होता, त्याच्यापुढे त्या हात पसरून उभ्या राहिल्या. "पीछे! वज़न से दूसरी तरफ़ भी गिरेगा!" उडी मारायला निघालेल्यांना मागे खेचलं, फळ्या मागवल्या, त्या टेकवल्यावरच चौघांना खाली सोडलं आणि हातांनी उकरायला लावलं. दुसरा माणूस कमरेपर्यंत गाडला गेला होता. तो जिवंत निघाला. हिरव्या लुगड्यातल्या बाईचा नवरा तासाभराने निघाला. तोपर्यंत ती तगारी घेऊन काठाशी माती उकरत होती, तिला कुणी थांबवू शकलं नाही. त्याला वर ठेवलं तेव्हा तिने आधी त्याच्या कानातली माती काढली. मग नाकातली. ताई तिच्याशेजारी चिखलात बसल्या आणि गाडी येईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

इंजिनिअर ताईंच्या फाटकाला धरून ओकत होता. मला वाटलं ताई आता त्याला फाडून खातील. त्या त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पहले पानी पियो." पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, आपको कैसे पता था?"

"पता होना कोई बड़ी बात नहीं है. पहले साल का पाठ है."

त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "हमारा भी एक पेपर था. पढ़ानेवाला कोई था नहीं. गेस पेपर रटके निकाल लिया था."

पुढे चौकशी झाली, मुकादम बदलला, चर बुजला, वर डांबर आलं. ती बाई गावी गेली. ताईंनी मात्र महिनाभर कुणाशी शब्द काढला नाही. मी जायचे, डबा ठेवायचे, आदल्या दिवशीचा तसाच परत आणायचे. एकदा फक्त म्हणाल्या, "मी त्या इंजिनिअरला सांगत बसली. खाली उतरणाऱ्याला सांगायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशीच."

आणि एका सकाळी सात वाजता त्या लेबर चौकात जाऊन उभ्या राहिल्या. कामाच्या आशेने तिथे शेदीडशे माणसं रोज उभी असतात. झोळीवाली बाई बघून सगळे धावले. "कितने आदमी चाहिए, अम्मा?" "सब," ताई म्हणाल्या. "दस मिनट, सुनने के लिए." अर्धे तिथेच पांगले. उरलेल्यांसमोर त्यांनी स्टीलचा पेला काढला. रव्याऐवजी माती होती एवढंच. मूद उभी राहिली, मूद बसली. इथे कुणी हसलं नाही. ह्या लोकांनी ते मोठ्या मापात पाहिलेलं होतं. तीन गोष्टी सांगायच्या त्या, रोज त्याच तीन: काठाला भेग दिसली की वर या, तळाला पाणी आलं की वर या, काठावर मातीचा ढीग असला तर तो हटवल्याशिवाय उतरू नका. "और ठेकेदार भगा दे तो?" असं एकाने पहिल्याच दिवशी विचारलं. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवलं, पण इतका बरोबर प्रश्न कोणी विचारला नव्हता."

दुसऱ्या महिन्यात तो इंजिनिअर रविवारी येऊन मजुरांत मागे बसू लागला. वही घेऊन. ताईंनी त्याला पुढे बोलावलं नाही आणि हाकललंही नाही.

त्या वर्षी शहरात आणखी एक चर कोसळला. तिथली माणसं दुसऱ्या चौकातली होती. बातमी वाचून ताईंनी पेपर घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन चौक करू लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं आहे, ऑटोचे धक्के सोसणार नाहीत. त्यांनी ऐकलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता त्या आमच्याकडेच असतात, खिडकीशी. यजमान फॅक्टरीतून आले की बहिणीचे केस विंचरून देतात. गल्ली बदलणारे हेच का ते, असं माझ्या मनात येतं.

मागच्या रविवारी इंजिनिअर घरी आला. चौकातला वर्ग आता तोच घेतो. मॅडमना एकदा दाखवावं अशी त्याची इच्छा होती. आम्ही त्यांना शालीत गुंडाळून ऑटोत बसवलं आणि चौकाच्या कडेला थांबलो. तो पेला घेऊन उभा राहिला, चाचरत, घाम पुसत. भेग सांगितली. ढीग सांगितला. "बस, ये याद रखना," असं म्हणून पेला पिशवीत ठेवू लागला. ताईंचा डावा हात माझ्या मनगटावर आवळला गेला. घशातून नुसता आवाज निघत होता, शब्द होईना. मी ऑटोतून उतरणार इतक्यात गर्दीच्या मागून, डोक्यावर टोपली घेतलेली कुणी एक बाई चिडून ओरडली, "और पानी, साहब? पानी तो बताया ही नहीं!"

चौक हसला. इंजिनिअरने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पेला काढला. ताईंचा चेहरा अर्धाच हसू शकतो. पण माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

मग ठेकेदारांच्या गाड्या आल्या. कोण टेम्पोत चढलं, कोण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि पाच मिनिटांत चौक रिकामा झाला. कोण कुठे खणायला गेलं, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. ऑटोवाल्याने विचारलं, "चलें, दीदी?" मी ताईंकडे पाहिलं. गाड्या गेल्या त्या रस्त्याकडे त्या बघत होत्या. मी म्हटलं, थोडं थांबू या.