आठ मार्चची ट्युलिप

विभा आगाशे कोबेला पीएचडीला आली ती फाडफाड जपानी बोलायच्या इराद्यानं, आणि कळायला लागली रशियन माणसं! परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तिच्या मजल्यावर चार रशियन, आणि स्वयंपाकघर एकच. तिथे त्यांतली लारिसा चहा करता करता आपल्या रशियातल्या युनिव्हर्सिटीतल्या पोरांच्या जाती सांगायची. एक कविता म्हणणारा, त्याला साखरही आपणच पुरवायची. एक तिसऱ्या वर्षीच लग्न करणारा. प्रेम कसलं, नवरा-बायकोला होस्टेलात वेगळी खोली मिळते म्हणून! विभा हसून हसून बेजार व्हायची.

त्या चौघांतला ग्लेब मात्र असल्या पोरांतला नाही, हे तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. ती कोट घालताना तो मागून धरायचा, स्टेशनवरून चढ चढताना हातातली पिशवी काढून घ्यायचा. पुण्यात कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी तिची वहीसुद्धा उचलली नव्हती. बाईसाहेब विरघळल्या.

त्यातच घरच्यांनी शशिकांतचं स्थळ आणलं. मुलगा ओसाकात नोकरीला, अगदी भला. दोनदा भेटला, दोन्ही वेळा गाड्यांच्या वेळापत्रकावर बोलला. आईला महिनाअखेर उत्तर हवं होतं.

सत्त्याण्णवच्या आठ मार्चला सकाळी ग्लेबनं दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, हातात तीन ट्युलिप. "तुझ्यासाठी," म्हणाला आणि घाईनं निघून गेला. विभानं तडक पुण्याला फोन लावला. तिथे पहाटेचे पाच वाजलेत, याचंही भान नाही!

"आई, शशिकांतला नाही म्हणून कळव."

मग फुलांसाठी बरणी शोधत ती स्वयंपाकघरात गेली. लारिसाच्या कपात तीन ट्युलिप. शेजारच्या चिनी मुलीच्या ग्लासात तीन. सफाईला येणाऱ्या साठीच्या नाकामुरा-सानही तीन फुलं हातात धरून लाजत उभ्या.

"आज महिला दिन," लारिसा म्हणाली. "आमच्याकडे आज फुलं न देणाऱ्या पुरुषाला वर्षभर कोण विचारेल?"

विभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत जाऊन ती पोटभर रडली.

दुपारी आईचा फोन आला. "अगं, मी अजून त्यांना कळवलं नाहीये. नीट विचार कर."

विभानं केला. ग्लेबच्या मनात काहीच नव्हतं, पण दार उघडताना छातीत झालेली धडधड खरी होती. शशिकांतसमोर बसून तसं एकदाही झालं नव्हतं.

"कळवून टाक, आई. नाहीच म्हण."

"दुसरा कुणी आहे का गं?"

"कुणी नाही," विभा म्हणाली. "तरीही नाही."