मंडईतला अशरीरी पाहुणा

कापणीच्या दिवसांत आमच्या सिंदेवाहीकडच्या बांधांवरून सायंकाळी चालत गेलं, की नुकत्याच कापलेल्या धानाचा एक ओलसर, गोडसर, किंचित दुधाळ वास अंगावर येतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडवळा नाही. तरीही तो येतो, आपल्याला थांबवतो, मनात कुठेतरी खोल शिरून बसतो आणि निरोपही न घेता निघून जातो. देहावाचून असं येणं-जाणं ज्याला साधलं, त्याचं केवढं भाग्य! मला त्या वासाचा फार हेवा वाटायचा.

हा हेवा माझा शाळकरी वयापासूनचा. तेव्हा मी विज्ञानकथांची अधाशी वाचक होते, आणि त्यांतही हिरव्या कातडीचे, शिंगवाले, अष्टभुज परग्रहवासी मला कधी भावले नाहीत. माझं प्रेम होतं ते ज्यांना शरीरच नाही अशा परग्रहवासीयांवर. दोन ताऱ्यांमधल्या निर्जन अवकाशात धुळीसारखं पसरलेलं एखादं विशाल मन, किरणांवर बसून युगानुयुगं भटकणारी एखादी जाणीव, आकाराची अट न घालता विचार करणारा नुसता स्पंदनांचा समूह! तुम्हाला कधी भेटलेत का हे लोक? भेटले असतील तर तुम्हीही माझ्यासारखेच कुठल्या तरी घरगुती दुःखावरचा उतारा शोधत त्यांच्याकडे गेला असाल.

माझं दुःख म्हणजे माझी उंची. आठवीतच मी वर्गशिक्षकांच्या डोक्यावरून फळा पाहत होते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे उतरतात आणि त्या गर्दीत मुलगी पाहण्याचे कार्यक्रमही हातासरशी उरकले जातात. चहाचा ट्रे घेऊन मी वाकून आत जायचे, वाकूनच उभी राहायचे, आणि तरीही कुणीतरी आईच्या कानाशी लागायचं, "पोरगी गुनाची हाय जी, पन लयच लांब हाय." अशा वेळी मी तिथे नसायचेच. मी असायचे माझ्या त्या बिनदेहाच्या सख्यांजवळ, आणि त्यांच्यात कुणी मला जरा चालून दाखव म्हणत नसे. पुढे लग्न झालं, नवरा माझ्या कानापर्यंत येणारा मिळाला, आणि वरच्या फळीवरचे डबे काढायला शिडी लागत नाही म्हणून तो स्वतःला नशीबवान समजतो. पण पाठीला लागलेली वाकायची सवय काही सुटली नाही.

मोठेपणी विज्ञान शिकवू लागले आणि तशाच कथा लिहूही लागले. त्या दूरच्या मासिकांत छापून येत. गावात त्या कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून गेल्या मंडईच्या आधी आमच्या दंडार मंडळानं मला खेळ लिहायला सांगितला, तेव्हा मी हर्षानं अक्षरशः उडाले. दंडार म्हणजे मंडईच्या दिवशी भर उजेडात, मोकळ्या मैदानात होणारं लोकनाट्य. ढोलकी, गाणी, लुगडं नेसलेले पुरुष, मनसोक्त थट्टा. ना पडदा, ना विंग, ना दिव्यांची करामत. मी ठरवलं, या मंडईत एक अशरीरी परग्रहवासी यावा. ठरवलं खरं, पण धास्तीही वाटू लागली. मासिकातल्या वाचकाला कंटाळा आला तर तो पान उलटतो आणि लेखकाला ते कळतही नाही. इथे मात्र माझीच माणसं मला डोळ्यांदेखत सोडून जिलबीच्या दुकानाकडे निघून जाणार होती. तसं झालं असतं, तर मी पुन्हा लेखणी उचलली नसती.

पहिली हरकत घेतली गौतमभाऊंनी. ते आमच्या मंडळाचे प्रमुख आणि ढोलकीवादक. निवृत्त शिक्षक, बौद्ध घरातले, बुद्धीला न पटणाऱ्या गोष्टीपुढे मान न झुकवणारे. करणीच्या संशयावरून एका म्हातारीच्या दारात जमाव जमला, तेव्हा दारात आडवा उभा राहिलेला हा माणूस. माझं लिखाण वाचून ते म्हणाले, "बाई, मन हाय आन् शरीर नाई? तेल नाई, वात नाई, आन् उजेड हाय म्हन्ता? मले पटत नाई. पन गोष्टच हाय, तं चालून जाईन. माही एकच अट हाय. तो कोनाच्या अंगात नाई आला पायजे. इथी एकदा अंगात आलं, का उद्या लोक म्हनतीन, मास्तरीनबाईनंच तं दाखवलं."

आणि माझा पाहुणा तर नेमका तेच करत होता! तो भाग मी काढून टाकला. पण मग त्याला दाखवायचा कसा? भोंग्यातून आवाज काढावा, तर लोक आकाशवाणी समजून हात जोडणार. पांढरं कापड हलवावं, तर त्याचं भूत होणार. निळा दिवा लावावा, तर डोक्यावर सूर्य! तालमीत आम्ही हसून हसून थकलो आणि खेळ काही पुढे सरकेना. वाट काढली देवाजीनं. देवाजी म्हणजे रुंद खांद्यांचा, भरघोस मिशांचा धान उत्पादक, जो दरवर्षी मंडईपुरत्या मिशा उतरवून दंडारीतली बाई होतो. तो म्हणाला, "माही कारभारीन मिरची तोडाले तेलंगणात जाते, तवा मी बांधावर उभा राहून तिच्यासंग फोनवर बोलतो. ते कोनाले दिसते का? तिचा आवाज कोनाले आयकू येते का? पन माह्या तोंडाकडं पाहून सारं गाव सांगते, का आज भांडन हाय."

इतकं सोपं होतं! परग्रहवासीयाला रूप नाही, आवाजही नाही. त्याचं बोलणं ऐकणार फक्त देवाजी, आणि आम्ही पाहणार देवाजीकडे. एवढ्याशा युक्तीनं मी आठवडाभर आनंदात तरंगत होते.

मंडईचा दिवस उजाडला. बांगड्या, ऊस, फुगे, तेलात फुलणाऱ्या जिलब्या आणि साऱ्या पंचक्रोशीचे पाहुणे. मी प्रेक्षकांत मागे, नेहमीसारखी पाठ वाकवून बसले होते. हिरवं लुगडं नेसलेला देवाजी ठुमकत आला, मध्येच थबकला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागला. "कोन जी तुमी? कुठून आले? ... अगाई, येवढ्या दूरून! मंग यष्टी नाई भेटली?" मैदान हसलं. देवाजी ऐकायचा, लाजायचा, चिडायचा, आणि हळूहळू सगळ्यांची नजर तो पाहील तिकडे वळू लागली. पुढे बसलेल्या एका बाईनं तर पाहुणा तिकडून चालला म्हणून आपली टोपली उचलून बाजूला घेतली! तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. माझ्या आयुष्यभराच्या सख्याला माझ्या माणसांनी वाट करून दिली होती.

पण दंडारीतला नट लिहिलेल्यावर थांबेल तर तो नट कसला! देवाजीनं एकाएकी कानावर हात धरला. "काय म्हन्ता? जिलबी खाऊन पाहाची हाय? आन् त्यासाठी अंग पायजे, एका दिवसापुरतं?" गौतमभाऊंची ढोलकी थांबली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला धरणी ठाव देईना. दिलेला शब्द भर मंडईत मोडत होता आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. देवाजी मात्र पाहुण्याला गर्दीतून फिरवू लागला. "हे सरपंचभाऊ. पोट पाहा, लय जिलब्या मावतीन. ... नाई? मंग हे पहिलवान? ... हेबी नाई?" असं करत करत तो थेट माझ्यासमोर आला. "मंग ह्या आमच्या मास्तरीनबाई! बसल्या जागून आंबे तोडतीन, येवढ्या लांब हायत. उभ्या राहा जी बाई."

पुन्हा तीच मंडई, पुन्हा तेच पाहणं! मी उठले, अर्धवट. "पुऱ्या उभ्या राहा," देवाजी म्हणाला, आणि मी कितीतरी वर्षांनी पुरती सरळ उभी राहिले. देवाजी मान कलती करून ऐकत राहिला. जिलबीवाल्याचा झारासुद्धा थांबला होता. मग देवाजी म्हणाला, "पाहुना नाई म्हन्ते."

"काऊन?" गर्दीतून कुणीतरी कारण विचारलं.

"म्हन्ते, हे घर रिकामं नाई. इथी बाई राह्यते. पायापासून डोक्यावरी भरून राह्यते. दुसऱ्याले घुसाले जागाच नाई." मग तो साऱ्या मैदानाकडे वळला. "म्हन्ते, तुमचंबी कोनाचंच रिकामं नाई. अंगात याचं म्हनलं, तं कोनाच्या येऊ?"

आणि ढोलकी कडाडली! गौतमभाऊंना इतकं बेभान वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. ते ज्यासाठी आयुष्यभर घसा कोरडा करत होते, ते लुगडं नेसलेल्या देवाजीनं हसता हसता सांगून टाकलं होतं.

मी तशीच उभी होते. ज्यांना देह नाही त्यांचा मी किती वर्षं हेवा केला! आणि त्यांच्यातला एक इतक्या दूरून आला, जिलबीच्या वासानं वेडावला, आणि माझं घर भरलेलं आहे असं सांगून उपाशीच परत गेला. बिचारा! मला त्याची दया आली, आणि त्या दयेत इतका आनंद होता की मी मोठ्यानं हसू लागले.

"बाई, बसा ना जी आता!" मागून एक म्हातारी ओरडली. "आमाले काई दिसून नाई राह्यलं!"

मी बसले, पण पाठ सरळ ठेवून. मागच्यांना त्या दिवशी दंडार थोडी कमीच दिसली असेल.