भरलं सूप परत पाठवणारे वस्ताद

वस्तादांनी आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नाही. दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाच-सोंगांचा खेळ, चांगली झाली की ते गप्प असत आणि बिघडली की आणखी गप्प. नाचणाऱ्यांच्या रांगेत एकाचाही पाय तालाला चुकला, तरी ते ओरडत नसत. हातातले टाळ जमिनीवर ठेवत आणि मांडी घालून खाली बसत. मग ढोलकी थांबायची, नाचणारे थांबायचे, समोर बसलेला गाव थांबायचा. पाटील असोत की पाटलांचे व्याही, सगळे मुकाट वाट पाहत. बऱ्याच वेळानं वस्ताद टाळ उचलत आणि एवढंच म्हणत, "पयलेपासून." पहिल्यापासून म्हणजे थेट गणापासून. एका शिमग्याला आमच्या गावानं तोच गण पाच वेळा ऐकला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

आमचं गाव पूर्णेच्या काठचं, अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं. वस्ताद जातीनं माळी. दिवसभर वांगी-मिरचीच्या वाफ्यात वाकलेले असायचे. दिवेलागणीच्या आधी हातपाय धुऊन मारुतीच्या पारावर येत आणि तिथून पुढे ते माळी नसत, वस्ताद असत. दंडारीत वीस-बावीस गडी होते, कुणी कुणबी, कुणी तेली, कुणी महार. ढोलकी भाना वाजवायचा. भानाला शेत नव्हतं, दुसरा धंदा नव्हता. त्याच्या घरची चूल ढोलकीवर पेटायची. वस्ताद त्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडत, म्हणजे त्याच्याशी सगळ्यांत कमी बोलत.

ही चूल पेटायची कशी, ते सांगायला हवं. आमच्याकडे खळ्यावर जवारी उफणून रास लागली की पहिलं सूप देवाचं आणि दुसरं दंडारीचं. सूप भरून घरची बाई स्वतः पारावर आणून द्यायची. त्यातूनच भानाचं वर्ष निघायचं, त्यातूनच मशालीचं तेल, मोरपिसं, ढोलकीचं कातडं. ज्या घरचं सूप आलं त्या घराला दंडारीत उभं राहून बोलायचा हक्क असे. "कालचं सोंग बेकार होतं," असं म्हातारी सखूबाई भर खेळात सांगायची आणि वस्ताद मान खाली घालून ऐकून घ्यायचे. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, "दंडार गावाची हाय. मी नुसते टाळ धरतो."

वस्तादांना अक्षर येत नव्हतं, आणि म्हणूनच कागदाचा त्यांना भारी धाक. माझ्याकडून कधी एखादी चिठ्ठी लिहून नेली तर ती कपाळाला लावून मग कोपरीत ठेवत. "मानूस खोटं बोलते, महाराज, कागद नाई बोलत," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. महाराज म्हणजे मी. गावच्या जोश्याचा मुलगा, वय बावीस, अक्षर वळणदार आणि अक्कल बेताची. साऱ्या गावाची लिहिणी माझ्याच हातून होत आणि त्याची घमेंड माझ्या चालण्यातही दिसत होती, असं माझी आई म्हणायची.

अशात कापसाला सोन्याचा भाव आला. कुठे सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना किंमत आली. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. मी त्या पाहिल्या नाहीत, पण बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या आहेत. अमरावतीच्या बाजारात गाडीमागे मूठभर कापूस धर्मादाय म्हणून काढत. आधी त्यातून देवळांची डागडुजी व्हायची. गाड्या इतक्या वाढल्या, की एका बड्या अडत्याच्या मनात आलं, या धर्मादायातून वऱ्हाडातल्या कलावंतांना वर्षासन द्यावं. अट एकच, मंडळीनं लेखी अर्ज करायचा.

अर्ज मी लिहिला. वस्तादांना मीच गळ घातली आणि त्यांना घेऊन अमरावतीला गेलो. भानाच्या घरात तेव्हा पाच तोंडं होती आणि दुसऱ्या कुणी सांगितलं नाही तरी वस्तादांना ते दिसत होतं. अडत्याच्या मुनीमानं मला बाजूला घेऊन विचारलं, की गाव या मंडळीला काही देतं का. देत असेल तर आधी निराधार मंडळींचा विचार होईल. मी क्षणभरही थांबलो नाही. 'या मंडळीस गावाचा कोणताही आधार नाही,' असं टपोऱ्या अक्षरात लिहून मोकळा झालो. एवढं खोटं तर सगळेच लिहितात, असं मला वाटलं. वर्षासन तिथेच मंजूर झालं. परतताना गाडीत मी त्या अर्जाची नक्कल वस्तादांना मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली. त्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. पुढे गाव येईपर्यंत ते बोलले नाहीत. मला वाटलं, आनंदानं गप्प आहेत.

त्या वर्षीच्या राशी झाल्या आणि सखूबाई नेहमीसारखी सूप घेऊन पारावर आली. वस्तादांनी हात जोडले. म्हणाले, "यंदा घरीच राहू द्या, माय. आमाले आता बाजारातून भेटते." आमच्याकडे भरलं सूप परत जातं ते फक्त सुतकात; सुतक असलेल्या घरचं धान्य कुणी घेत नाही. सखूबाई सूप डोक्यावर तसंच ठेवून उभी राहिली.

"माह्या घरी कोनी मेलं काय, वस्ताद?" तिनं विचारलं.

तिच्यामागे आणखी सात-आठ बायका उभ्या होत्या. त्या सगळ्या वळल्या. दुसऱ्या सकाळी मी धावत वस्तादांच्या वाफ्यावर गेलो आणि हे काय केलंत म्हणून विचारलं. ते मिरचीला पाणी देत होते. दांड मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि मग म्हणाले, "तुमी लेहलं ना, गाव काई देत नाई म्हनून? आता ते खरं करा लागते."

पुढची दोन वर्षं दंडार अडत्याच्या पाहुण्यांसाठी अमरावतीला बाजारात होऊ लागली. भाना नवं धोतर नेसला, मोरपिसं नवी आली. पण तिथे कापसाच्या गंजींमध्ये खुर्च्या मांडलेल्या असत, पाहुण्यांना घाई असे, गण लांबतो म्हणून मुनीम हातानं खुणा करी. एका संध्याकाळी रांगेतला एक जण चुकला. वस्तादांनी टाळ खाली ठेवले आणि बसले. खुर्च्यांवर हशा पिकला. बुढा दमला, असं कुणीतरी म्हणालं. मुनीम जवळ येऊन काहीतरी कुजबुजला. वस्तादांनी भानाकडे पाहिलं, टाळ उचलले आणि खेळ तिथूनच पुढे नेला. चुकलेला ताल त्यांनी तसाच जाऊ दिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला त्या वेळी रडू आलं होतं, पण कबूल करायची लाज वाटली.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव धाडकन कोसळले. अडत्यानं पेढीला कुलूप लावलं आणि गुजरातेत निघून गेला. वर्षासन बंद पडलं. त्यात पुढच्या साली पावसानं दगा दिला. राशी लहान झाल्या, तरी झाल्या. मी वस्तादांना म्हटलं, गावाकडे जा, सूप मागा. आणि मी सखूबाईकडेही गेलो. तिनं मला बसायला पाट दिला आणि सरळ सांगितलं, की ती नाही म्हणणार नाही. पण वस्तादांनी स्वतः यावं आणि त्या दिवशी काहून परत केलं ते तोंडानं सांगावं. यात तिचं काही चुकत नव्हतं. तिचा निरोप मी वस्तादांना सांगितला.

"काय सांगू त्यायले?" ते म्हणाले. "तुमी खोटं लेहलं म्हनून? मंग तुमच्या कागदावर कोन भरोसा ठेवीन, महाराज? साऱ्या गावाचं लेहनं तुमच्या हातून होते." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी मानी हाओ म्हनू द्या. मानी मानूस गावाले चालते."

मी सांगू शकलो असतो. पारावर उभं राहून चार वाक्यं बोलायची होती. आज सांगू, उद्या सांगू, करता करता पेरण्या आल्या. भाना अकोल्याकडे आगगाडीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला, बायकोमुलांसह. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे पटकीची साथ आली. भानाच्या घरातलं एक लेकरू तेवढं परत आलं, तेही दुसऱ्या कुणाचं तरी बोट धरून. वस्तादांनी त्याला घरी ठेवून घेतलं. बाकीचे गडी सरकी काढायच्या कारखान्यांकडे, कुणी कुठे पांगले. वस्ताद पारावर यायचे बंद झाले. वाफ्यात वाकलेले दिसत, एवढंच.

दोन वर्षांनी तापात ते गेले. आमच्याकडे दंडारीचा वस्ताद गेला की घरापासून नदीपर्यंत ढोलकी वाजते आणि गडी त्या तालावर पावलं टाकत त्याला नेतात. गाव झाडून आला. वाजवणारं कुणी नव्हतं. कुणीतरी भजनाचे टाळ आणले, पण वाजवायचं धाडस त्यालाही झालं नाही. वस्तादांना आम्ही पूर्णेपर्यंत नुसत्या पायांच्या आवाजात नेलं.

दहाव्याला नदीवर क्रिया करायला मीच होतो. वडील तोवर गेले होते. वस्तादांचा पुतण्या पिंड वळत होता आणि सखूबाई काठावर बायकांना सांगत होती, "लय मानी मानूस. सेठाचं घेतलं, पन आपलं नाई घेतलं. काहून, ते देवालेच ठाऊक." बायकांनी माना हलवल्या. पुतण्याचे हात थांबले. पुढे काय, म्हणून तो माझ्याकडे पाहत होता, आणि सगळा काठ माझ्याकडे पाहत होता. मी दर्भ पाण्यात बुडवला आणि पुढचा मंत्र म्हणायला घेतला.