फॅनच्या वरचा डाग

त्या उन्हाळ्यात लातुरात नळ कोरडे पडले आणि आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली. एक्झॉस्ट फॅनच्या वर, भिंत आणि छत मिळतात तिथं, बशीएवढा पिवळट डाग. एरवी मी चुना फासून मोकळा झालो असतो. पण गावात पाणी नसताना छत ओलं होतं, म्हणजे कुणाकडे तरी पाणी होतं.

इमारतीत सहा घरं. टँकर आला की प्रत्येक घराला दहा बादल्या, आणि त्या मोजून द्यायचं काम माझ्याकडे. आमच्या वरच्या मजल्यावर मूळच्या उदगीरच्या एक काकू एकट्या राहायच्या. एकटीला दहा कशाला, ही कुरकुर आधीपासून होतीच. डाग बघून शेजारचे मास्तर म्हणाले, "म्हातारीनं हौद भरून ठेवला हाय वर. पाच करा तिच्या." रविवारच्या बैठकीत ते ठरणार होतं.

पाच बादल्यांत टँकर ते टँकर एका माणसाचं भागतं का, हे मी मांडून पाहिलं होतं. भागत नव्हतं. म्हणून आधी डागाचं नक्की करायचं ठरवलं.

ओल आमच्याच आंघोळीच्या वाफेचीही असू शकत होती. डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवलं. वाफ असेल तर थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला येणार, वरून पाझर असेल तर प्लास्टिक आणि छताच्या मध्ये. खोलीत दमटपणा राहू नये म्हणून फॅन सकाळ-संध्याकाळ चालू ठेवला.

शनिवारी बघितलं. प्लास्टिक खालून कोरडं, आतून थेंब. डाग रेघेबाहेर दोन बोटं सरकलेला.

मी वर गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"काकू, तुमचं बाथरूम बघायचंय. खाली ओल येऊन राहिली."

"बाथरूम न्हाई दाखवत मी कुणाला."

माझा संशय तिथंच पक्का झाला. मग त्याच म्हणाल्या, "आधी तुमचं सांगा. सकाळी फॅन, संध्याकाळी फॅन. दोन-दोन आंघोळी करून राहिलेत तुम्ही, अन् बादल्या मोजणारे बी तुम्हीच."

मी प्लास्टिकचं सांगितलं. ते त्यांना पटल्यासारखं दिसलं नाही.

"चला. आधी तुमचं बघते, मग माझं दाखवते."

त्या खाली आल्या, प्लास्टिककडे बघितलं, आमची फरशी पायाच्या अंगठ्यानं चाचपली. कोरडी होती. मग मला वर नेलं. हौद नव्हताच. कोपऱ्यात एक टब, त्यात गढूळ, वास मारणारं पाणी.

"भांडी धुतलेलं हाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "फेकायला जीव होत न्हाई. म्हणून दाखवत नव्हते."

"मग टाकता कुठं?"

त्यांनी खिडकीकडे हात केला. बाहेर छज्ज्यावर, बरोबर आमच्या फॅनच्या डोक्यावर, रंगाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता लावलेला. डब्याच्या बुडाला भोक. खालचा छज्जा काळा, ओला, आणि त्यातून एक बारीक चीर थेट आमच्या छताकडे गेलेली.

"उदगीरहून आणलाय. आमचा उदगीर जिल्हा झाला असता, तर पोरानं लातुरात घर घेतलंच नसतं, अन् मी तुमच्या डोक्यावर बसले नसते."

डबा आम्ही दोघांनी उचलून जिन्यात ठेवला.

रविवारी मी सांगितलं, "काकूंच्या दहाच राहतील. ओल झाडाच्या डब्याची आहे, अन् त्याला खरकटं पाणी घालतात."

मास्तरांनी मान हलवली. "हाव. अन् तुमच्या फॅनचं काय?"

म्हणजे तेही इमारतभर झालं होतं. पुन्हा प्लास्टिकचं सांगावं लागलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

पुढचा टँकर आला तेव्हा काकूंच्या दहा बादल्या भरून झाल्या. पण काकू वर गेल्या नाहीत. माझ्या घराच्या बादल्यांची पाळी आली तशा जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येक बादलीच्या काठाकडे वाकून बघत मोजू लागल्या.