चिंचेखालची रानहळद

पालीच्या डोंगराखाली महादेवाचं देऊळ होतं, आणि देवळामागच्या बागेवर एका जुन्या चिंचेची सावली. फसली तेराशे बाविसाचं साल. बाग साखराबाई पाहायची. जन्म शेळ्यांमागे गेला. पाय थकले तेव्हा हे काम तिनं मागून घेतलं. तीस वर्षांमागे आठ दिवसांचं लेकरू तिनं आणि नवऱ्यानं, म्हाळूनं, याच चिंचेच्या बुडाशी पुरलं होतं. वर दगड नाही, खूण नाही. जागा तिला ठाऊक होती.

माघात गावचे देशमुख सुंदरराव आले.

"साखराबाई, देवाला फूल कावून न्हाई?"

"सावली लई हाय, मालक."

"मग सावलीच काढू. श्रावणात फूल दिसलं तर ठीक. न्हाई तर पोळा झाला की चिंच पाडायची."

म्हाळू म्हणाला, "खरं सांगून टाक त्यास्नी."

"काय सांगू? देवाच्या बागेत मढं पुरलं म्हनून?"

तिनं पुन्हा झेंडू लावला, मोगरा लावला. रोपं उजेडासाठी काठीसारखी लांबली आणि कळी न धरताच आडवी झाली.

"झेंडू हाय का शेवगा?" म्हाळू म्हणाला.

देवाला काय आवडतं ते तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. सावलीत काय जगतं ते तिनं शेळ्यांमागे हिंडताना स्वतः पाहिलं होतं. खोऱ्यातल्या दाट झाडीत, ऊन न पोचणाऱ्या जागी, श्रावणात रानहळदीला जांभळट तुरे येत.

ज्येष्ठात ती डोंगरातल्या त्या खोऱ्यात गेली. जमीन उघडी होती, पानाचा मागमूस नव्हता. ओळखीच्या बेहड्याच्या झाडापासून चार पावलं मोजून तिनं उकरलं. गड्डे तिथंच होते.

टोपलीभर गड्डे तिनं बागेत लावले. चिंचेच्या बुडाशी हातभर जागा मात्र तिनं आजवर कधी खणली नव्हती. शेवटचा गड्डा हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मग खुरपं बाजूला ठेवून बोटांनीच माती सारली आणि तो तिथं लावला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सुंदरराव बागेत थबकले.

"हे तर रानातलं फूल."

"महादेव बी रानातलाच की, मालक."

ते तुऱ्यांकडे पाहत राहिले. "बरं. राहू द्या चिंच. तोडा फुलं, पूजा खोळंबलीय."

तिनं एकेक तुरा परडीत घातला.

"बुडाशी एक राहिलं बघा."

"त्ये राहू द्या, मालक," ती म्हणाली आणि परडी घेऊन देवळाकडे निघाली.