आतून लावलेलं दार

लोकांची अडलेली दारं उघडून देणं हाच किल्लीवाल्या मावशीचा धंदा. बाजारातल्या जिन्याखाली तिची टपरी होती. चावी हरवलेली माणसं घामाघूम होऊन येत आणि तिला हाताला धरून घरी नेत. त्या दिवशी मात्र तिच्याच न्हाणीघराचं दार बंद होतं आणि ती समोर हाताची घडी घालून उभी होती.

आत सात वर्षांची मुलगी होती. दत्तक नव्हे, तिच्या घरचं काही ठरेपर्यंत बालकल्याण खात्याने सांभाळायला दिलेली. याआधी मावशीने असाच एक मुलगा चौदा महिने सांभाळला होता. तो आईकडे परत गेला तेव्हा ती आठ दिवस टपरीवर फिरकली नाही. नवरा म्हणाला, "आता पुरे." नवव्या दिवशी तिनेच खात्याला फोन केला.

ही मुलगी सुरुवातीचे तीन आठवडे बूट घालून झोपली. आधीच्या घरी तिला बाहेरून कडी लावून कोंडत. म्हणून मावशीने शब्द दिला होता, "या घरात तू लावलेलं दार तूच उघडायचं. मी हात लावणार नाही." त्यानंतर बूट पलंगाखाली गेले.

आज खात्याच्या बाई आल्या होत्या. मुलगी इथे राहणार की दुसरीकडे जाणार, ते आजच्या अहवालावर होतं. बाईंनी "इथे कसं वाटतं?" एवढंच विचारलं आणि मुलगी उठून न्हाणीघरात गेली. त्याला पंचवीस मिनिटं झाली होती.

"तुम्ही किल्ल्या बनवता ना?" बाई म्हणाल्या. "मग उघडा."

"उघडता येतं. पण उघडणार नाही."

"आत काही झालं तर? मला हे लिहावं लागेल."

"लिहा."

आतून खटखट ऐकू आली. मूठ अर्धी फिरून परत येत होती. मावशीचा चेहरा उतरला. मुलगी रुसली नव्हती, अडकली होती. ते कुलूप महिनाभर कुरकुरत होतं आणि मावशी रोज "उद्या बघते" म्हणत होती.

"जगाची कुलपं बघायला वेळ आहे हिला," नवरा पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "उघड आता. शब्द राहू दे."

आत श्वास जोरजोरात चालू झाला. मावशी जमिनीवर बसली. तिने पिशवीतला छोटा स्क्रू ड्रायव्हर दाराखालून आत सरकवला.

"बाळा, मुठीच्या दोन बाजूंना दोन स्क्रू आहेत. दिसले?"

आतून मुठीवर बोटं चाचपडल्याचा आवाज आला. मग, "हो."

"डावीकडे फिरव. घाई नको. मी इथेच आहे."

पहिला स्क्रू फरशीवर पडला. ड्रायव्हर दोनदा निसटला. बाईंनी घड्याळ पाहिलं. दुसरा स्क्रू पडला, आतली मूठ सुटली आणि बाहेरची मावशीच्या हातात आली. दाराला वाटोळं भोक पडलं. पलीकडे एक ओला डोळा होता.

आता बोट घालून खिट्टी ओढली की काम झालं. बाईंनाही ते दिसत होतं. मावशीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"भोकात लोखंडी खिट्टी दिसते ना? ती तुझ्याकडे ओढ."

"नाही येत."

"माझ्याकडूनही पहिल्यांदा आली नव्हती."

"खोटं."

"विचार काकांना."

"रडली होती," नवरा म्हणाला.

खट् असा आवाज झाला. दार उघडलं. मुलीचे केस कपाळाला चिकटले होते आणि हातात फरशीवरून उचललेले दोन स्क्रू होते. ती मावशीकडे गेली नाही. भोकाकडे बघत राहिली.

बाई खाली वाकल्या. "मघाचं उत्तर राहिलं बघ. इथे कसं वाटतं?"

मुलीने विचार केला. "मावशी मधे हात घालत नाही."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. जाताना म्हणाल्या, "ते कुलूप आजच बदला. सहा महिन्यांनी येते."

सहा महिने. त्यानंतर कदाचित पुन्हा टपरीचे आठ बंद दिवस. मावशीने ते मनातून बाजूला सारलं आणि नवं कुलूप काढलं. एरवी हे तिचं पाच मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी तासभर लागला, कारण ड्रायव्हर मुलगी सोडत नव्हती.