आधी खोट, मग चहा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. परवाच्या रविवारी एका माणसानं ऐकली, पण त्याच्याबद्दल शेवटी. बाकी तुम्हीच पहिले. जरा सैल होऊन बसा, कारण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. साधं दूध आणायला गेलो तरी मी आधी चौकातल्या चौघांची खुशाली विचारून येतो, आणि येतो तो दूध विसरून.

आधी माझ्यातली बारीकसारीक खोट सांगून टाकतो. मी टकला आहे. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये खरेदी विभागात आहे आणि तिथे माझ्याइतका चेंगट माणूस दुसरा नाही. घरी मात्र दोन खोल्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेल्या आहेत. जुन्या बाटल्या — सोड्याच्या, शाईच्या, औषधाच्या, अत्तराच्या. लग्नानंतर सासऱ्यांनी अमरावतीला नुसतं एवढंच कळवलं की जावई बाटल्यांच्या नादी लागला आहे. मला समजवायला दोन मामेसासरे रातोरात रायपूरला आले होते. बाटल्या पाहून त्यांची निराशाच झाली. दारूचं व्यसन सुटतं तरी, असं त्यातले थोरले म्हणाले.

आणि हो — आपल्या देशातल्या जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांच्या संघाचा मी अध्यक्ष आहे. तुमच्या हातात आहे ती आमच्याच वार्षिक प्रदर्शनाची स्मरणिका, आणि या पानावर दर वर्षी माझं 'अध्यक्षीय' असतं. सुरुवातीला हा अखिल भारतीय संघ एका जीपमध्ये मावत असे. आता इंदूर, कोलकाता, हैदराबाद — कुठून कुठून माणसं टेबलं मांडायला येतात. टेबलांवरची पांढरी कापडं दर वर्षी पंडरीच्या कापडबाजारातून मी स्वतः घासाघीस करून आणतो. संघ चालवता येतो मला. ते मी अजिबात नम्रपणे सांगणार नाही. चांगला चालवला.

पण सुरू एकट्यानं केला नाही. सुरू केला तो मोरूभाऊ आणि मी. मोरूभाऊ रेल्वेत गार्ड होते. मूळचे वर्ध्याकडचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, आवाज असा की फलाटाच्या त्या टोकाला ऐकू जावा. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "काय बे पोट्ट्या" — मी अध्यक्ष झालो त्या दिवशीही भर सभेत हेच.

आमच्या संघाचा एक रिवाज आहे. तुम्ही सभासद असाल तर माहीत आहेच. नसाल तर ऐका, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. दोन माणसं बाटल्यांची अदलाबदल करतात तेव्हा देणाऱ्यानं आपल्या बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि तिच्यात काय काय खोट आहे ते सांगायचं. टवका, तडा, आतला डाग, सगळं. मग घेणाऱ्यानं बाटली उचलायची आणि मगच घरात चहा ठेवायचा. 'आधी खोट, मग चहा.' हा रिवाज मोरूभाऊंनी घातला. मी तो नियमावलीत पहिल्या पानावर बसवला. आणि त्याच्याच खाली, माझ्या हातानं, दुसरा नियम लिहिला — तेल लावलेली बाटली मांडायची नाही.

तेल काय, ते सांगतो. जमिनीत वर्षानुवर्षं पडलेल्या बाटलीची काच आतून धुरकट होते. आम्ही म्हणतो, हिला मोतीबिंदू झाला. तो घासून सहसा जात नाही. पण आतून तेलाचा हात फिरवला की काच एकदम नितळ दिसते — तेल आहे तोवर. म्हणजे शुद्ध फसवणूक. या नियमावर मी भाषणं केली आहेत. टाळ्या घेतल्या आहेत.

अभनपूरला एका जुन्या दवाखान्याच्या परसात नव्या घराचा पाया खणत होते. तिथून मला एक लोळी मिळाली. लोळी म्हणजे बुडाला गोल असलेली सोड्याची जुनी बाटली. ती उभी राहतच नाही, आडवीच ठेवायची. बूच ओलं राहावं म्हणून तशी बनवलेली. फिकट हिरवी, अंगावर उठावाची अक्षरं. पण आतून मोतीबिंदू, तोही पिकलेला. हिचं मूळचं रूप कसं असेल हे एकदा, फक्त एकदा बघू, म्हणून मी घरातलं खोबरेल घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि आतून फिरवलं. काय दिसली म्हणून सांगू! तळ्यातलं पाणी आडवं करून ठेवावं तशी.

आता इथे मी म्हणू शकतो की मी ती धुणारच होतो. खरंच धुणार होतो का? माहीत नाही. कारण त्याच संध्याकाळी मोरूभाऊ आले, लोळी पाहिली आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे कुठून आणली बे?"

त्यांच्याकडे एक निळी बाटली होती. विषाची. सहा कोनी, अंगावर उभ्या रेघा, अंधारात हात लागला तरी बोटांना कळावं की ही औषधाची नव्हे. तिच्यावर माझा डोळा किती वर्षं होता, ते माझ्या बायकोला विचारा. आमच्या संघाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर छापलेली निळी बाटली — तीच ती. मोरूभाऊ म्हणाले, "निळी घेऊन जा, हे मले दे."

मी लोळीच्या तोंडावर तळहात ठेवला. आणि म्हणालो — हे शब्द मला पाठ आहेत — "मोरूभाऊ, ओठावर टवका आहे. बारीक आहे, पण आहे. मी लपवणार नाही."

बघा, किती प्रामाणिक माणूस! टवका बोटाला लागत होता, तो ते पाहणारच होते. लहान खोट मोठ्यानं सांगितली की मोठीबद्दल कुणी विचारत नाही. वर टकलाबद्दल, चेंगटपणाबद्दल मी जे सांगितलं, तेही काय वेगळं होतं? सवय जात नाही.

बायकोनं — नलूनं — चहा ठेवला. मोरूभाऊंनी दोन कप घेतला आणि लोळी तिथल्या तिथे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. नवी बाटली प्रदर्शनाच्या सकाळीच उघडायची, ही त्यांची जुनी खोड. पावसाळा नुकता सरला होता, हवेत उकाडा होता.

प्रदर्शन जानेवारीत होतं. आणि खोबरेल थंडीत गोठतं हे रायपूरमधल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं — तेलवाल्या बाटल्यांवर नियम लिहिणाऱ्या अध्यक्षाला तेव्हा सुचलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी, मंगल कार्यालयात, मोरूभाऊंनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. लुगडं उलगडलं. आत पांढरे ओघळ थिजलेले. मोरूभाऊ बाटलीकडे बघतच राहिले. इंदूरहून आलेल्या परीक्षकांनी ती उचलून खिडकीतल्या उन्हात धरली. ओघळ विरघळले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लोळी नितळ झाली. "इसमें तो तेल है, भाई साहब," ते म्हणाले. वास घेतला आणि पुढे दिली. मग ती हातोहात फिरली. ज्याच्या त्याच्या नाकाशी. फिरत फिरत चहाच्या टेबलापाशी नलूकडे गेली.

नलू घरी तेल करते — करायची. खोबरेलात मेथी, कढीपत्ता, वर कापराची एक वडी. तो वास आख्ख्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, दुसऱ्या कुठल्या घरात नाही. तिनं वास घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि बाटली पुढच्या माणसाच्या हातात दिली.

मग परीक्षकांनी विचारलं, "आपको ये मिली कहाँ से?"

अदलाबदल झाली तेव्हा आम्ही तिघंच होतो. नाव घ्यायला मोरूभाऊंना काहीच अडचण नव्हती. बाटली त्यांच्याही नाकाशी येऊन गेली होती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. गार्ड हिरवा झेंडा धरून उभा राहतो ना, तसं. सगळी गाडी थांबलेली, आणि आता फक्त समोरून हालचाल व्हायची आहे. मग म्हणाले, "माझ्या टेबलावर हाय, मंजे माझी हाय."

मी उठलो. उठलो खरा — आणि माईक हातात घेतला. म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा, मग तो संस्थापक का असेना, मला फार वेदना होत आहेत, श्री. मोरेश्वर वानखेडे यांचं सभासदत्व आजपासून रद्द. टाळ्या पडल्या. एकानं मला नंतर मिठी मारून सांगितलं की असा अध्यक्ष पाहिजे.

मोरूभाऊंनी लोळी लुगड्यात गुंडाळली, काखेत घेतली आणि मधल्या वाटेनं चालत गेले. त्यानंतर ते कुठल्याच टेबलावर आले नाहीत. पुढे त्यांच्या गॅलरीत, रस्त्यावरून दिसतील अशा, शाईच्या दुर्मीळ बाटल्यांमधून मनीप्लांटच्या वेली लोंबू लागल्या. त्यातल्या एकेका बाटलीसाठी कोलकात्याचे लोक रांग लावतील. मी तिकडून जाणं सोडलं. बाजाराला लांबचा रस्ता घेतो.

नलूनं मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त तेल करणं थांबवलं. माझ्या डोक्याला बाजारचं तेल लागलं. टकलाचं कारण मी पाहुण्यांना हेच सांगतो, सगळे हसतात. ती हसत नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, भ्याला बिचारा. थांबा. भिणं एका क्षणाचं असतं. मी पुढे काय केलं, ते ऐका. मी त्याची गोष्ट केली. आमच्या घरात सणावाराला सगळे जमले की गोष्टी मीच सांगतो, आणि त्यात सर्वांत हुकमी गोष्ट — 'तेलवाले मोरूभाऊ'. उशी काखेत धरून मोरूभाऊंची चाल करून दाखवायची. त्यांचा आवाज काढायचा. पोट्टे-पोट्टी लोळायचे हसून. किती दिवाळ्या, किती बारशी! आणि ती चाल सुरू झाली की नलू उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, चहा ठेवायला जाते.

या दिवाळीला माझी पुतणी, नव्या नोकरीतली, हसता हसता थांबली. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. "पर काका, वो तो इतने पुराने कलेक्टर थे ना? फिर नारियल का तेल क्यों डालेंगे? ठंड में तो जमता है."

मी तोंड उघडलं. आतून नलूचा आवाज आला, "इचार काकालेच. तेल कोनाच्या घरचं होतं, हेही इचार."

उशी माझ्या काखेतच होती.

 पुतणीला नंतर फोनवरून सांगता आलं असतं, पण तेही केलं नाही. आधी ज्याला सांगायचं, त्याला सांगायला हवं होतं. रविवारी निळी बाटली पिशवीत घातली आणि जवळच्या रस्त्यानं गेलो.

मोरूभाऊ खूप वाळले आहेत. आवाज मात्र तोच. "काय बे पोट्ट्या, रस्ता चुकला का?" लोळी खिडकीच्या कट्ट्यावर आडवी ठेवलेली होती. धुतलेली. मोतीबिंदू आहे तसा.

मी निळी बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवला. म्हणालो, हिच्यात काही खोट नाही, खोट त्या लोळीत होती. तेल मी लावलं होतं. तुम्हाला देताना मला ते माहीत होतं. माईक हातात घेतला तेव्हाही माहीत होतं. आणि नंतर तुमची नक्कल करून मी लोकांना हसवलं — तेही सांगितलं. येत्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी, त्याच माईकवर, हे सारं वाचून दाखवणार आहे आणि त्याच वेळी अध्यक्षपद सोडणार आहे, एवढंही सांगितलं. तसा हा मजकूर आता तुमच्या हातात आहेच.

ते ऐकत होते.  मग म्हणाले, "वास वयनीच्या तेलाचा होता. मले तवाच समजलं. मी पाहून राहिलो होतो, तू आता बोलशीन, मंग बोलशीन. तू त माईकच धरला बे."



त्यांनी निळी बाटली उचलली. जुन्या सवयीनं अंगठा तिच्या ओठावरून फिरवला, गोल, पूर्ण. खाली ठेवली. आतून त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, विचारलं, "चाय ठेवू का जी?"

"नको," मोरूभाऊ म्हणाले.

मी चपला घातल्या आणि निघालो.